जपान पाहायचाय? पॅकेजचे पैसे भरण्याआधी वऱ्हाडी माणसाने हे वाचावं

अमरावती/अकोला : राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ साली जपानला गेले होते. विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेचं त्यांना निमंत्रण होतं, आणि आपली खंजिरी घेऊन ते तिथं पोचले. पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख केंद्रात कृषिमंत्री होते, त्याच दशकात जपानी पद्धतीच्या भातलागवडीची मोहीम देशभर चालली. म्हणजे जपान हे नाव वऱ्हाडाला नवं नाही. नवं एवढंच, की आता तिकडं जायला संत किंवा मंत्री असावं लागत नाही.

आता गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'जपान, ७ रात्री ८ दिवस' अशी रंगीत पत्रकं येतात. निवृत्त गुरुजी, पुण्या-मुंबईत कंपनीत असलेल्या पोराचे आईवडील, एखाद्या साली संत्र्याचा बगीचा बऱ्या भावानं विकला गेलेला शेतकरी, असे लोक खरंच चौकशी करतात. भाव साधारण माणशी अडीच-तीन लाखांपासून पुढं. नवरा-बायकोचे मिळून पाच-सहा लाख. कोरडवाहू वावराच्या किती हंगामांची ती कमाई, ते ज्याचं त्यानं मोजावं. पण एवढा पैसा घालायचा तर त्यात नेमकं काय पाहायला मिळणार, हा प्रश्न आधी विचारायला पाहिजे.

बहुतेक पॅकेजात टोकियो, फुजी पर्वत, बुलेट ट्रेन, एखादं डिस्नेलँड, मग क्योतो-ओसाका अशी पळापळ असते. संध्याकाळी बस भारतीय हॉटेलसमोर उभी राहते. आठ दिवस जपानात राहून रोज रात्री पनीरची भाजी खायची. म्हाताऱ्या माणसांना सोबत, भाषेची अडचण नाही, सामान उचलायला माणूस, हे त्याचे फायदे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण जपानी संस्कृती पाहायची म्हणून कोणी जात असेल, तर बसच्या काचेतून ती दिसत नाही. त्यासाठी एके जागी बूड टेकावं लागतं.

मग टेकायचं कुठं?

वऱ्हाडच्या माणसासाठी सोयीचा पत्ता म्हणजे वाकायामा. ओसाका प्रांताच्या दक्षिणेला लागून हा डोंगराळ आणि समुद्रकाठचा प्रांत आहे. ओसाकाच्या कान्साई विमानतळापासून जवळ. महाराष्ट्र सरकारनं २०१३ मध्ये याच वाकायामाशी सहकार्याचा करार केला, पर्यटन हा त्यातला एक विषय. आपल्या पत्रकांमध्ये मात्र हे नाव क्वचित दिसतं.

वाकायामाच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून आठशे मीटरवर, कोयासान आहे. कुकाई नावाच्या साधूला इ.स. ८१६ मध्ये राजानं ही जागा दिली. पुढं तो कोबो दाइशी म्हणून ओळखला गेला. चीनमध्ये जाऊन तो जो बौद्ध पंथ शिकून आला, त्याचं मूळ आपल्याकडचं. तिथं आजही अग्नी पेटवून जो विधी करतात त्याला 'गोमा' म्हणतात. हा आपला 'होम'. थडग्यांजवळच्या लाकडी पाट्यांवर सिद्धम् लिपीतली संस्कृत अक्षरं लिहिलेली दिसतात. जपानी मुलं आपली अक्षरं अ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना या क्रमानं घोकतात, तो क्रमही संस्कृत वर्णमालेवरून बसवलेला आहे. आपल्या बाराखडीचा दूरचा नातेवाईकच.

कोयासानच्या विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. कोयासानच्या बाराशेव्या वर्षाचं ते साल. वऱ्हाडातून दरवर्षी हजारो लोक धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जातात. त्यांच्यासाठी जपानात याहून जवळची जागा सापडणार नाही. आणि हे नातं एकतर्फी नाही. भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई मूळचे जपानी, पण त्यांचं आयुष्य नागपुरात गेलं. कामठीचं ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार जपानच्या नोरिको ओगावा यांच्या दानातून १९९९ मध्ये उभं राहिलं. लाखो रुपये भरण्याआधी गर्दी नसलेल्या एखाद्या दिवशी कामठीला जाऊन तासभर शांत बसून पाहावं. ते आवडलं, तर कोयासान आवडेल. तासाभरात कंटाळा आला, तर टोकियोचं पॅकेजच बरं.

कोयासानला शंभरावर मंदिरं आहेत आणि त्यातल्या पन्नासेक मंदिरांत मुक्काम करता येतो. याला 'शुकुबो' म्हणतात. शेगावच्या भक्तनिवासासारखंच, पण भाडं चांगलं दणदणीत: दोन वेळच्या जेवणासह माणशी साधारण बारा हजार येनपासून पुढं. एक येन म्हणजे आपले ५५ ते ६० पैसे धरा. संध्याकाळी पाचच्या आत पोचावं लागतं, सहाच्या सुमारास जेवण, चटईवर गादी, आणि पहाटे सहा-साडेसहाला प्रार्थना. गुडघे दुखत असतील तर खुर्ची मिळेल का, ते बुकिंग करतानाच विचारावं. जेवण पूर्ण शाकाहारी असतं. त्याला 'शोजिन र्योरी' म्हणतात. मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. माळकरी घरातल्या माणसाला जपानात निर्धास्त जेवता येईल अशी ही मोजक्या जागांपैकी एक.

पहाटे किंवा सांजेला ओकुनोइनच्या वाटेनं चालावं. दोन किलोमीटरची ही वाट उंच जुन्या देवदारासारख्या झाडांतून जाते, आणि दोन्ही बाजूंना दोन लाखांवर समाध्या आहेत. टोकाला कोबो दाइशीची जागा आहे. तो ८३५ मध्ये गेला असं तिथले भक्त मानत नाहीत, तो ध्यानात बसलेला आहे असं मानतात. रोज दोनदा त्याच्यासाठी जेवण नेतात. आळंदीची संजीवन समाधी माहीत असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. याच वाटेवर कीड नियंत्रणाच्या धंद्यातल्या संघटनेनं मारलेल्या वाळवीसाठी एक स्मारक उभारलंय. बोंडअळीवर फवारण्या करून थकलेल्या माणसानं तिथं थोडं थांबावं. बायकांना या डोंगरावर १८७२ पर्यंत कायद्यानंच बंदी होती, वेशीबाहेरच्या न्योनिनदो नावाच्या देवळातून त्या हात जोडायच्या. ते देऊळ अजून आहे.

संत्रा आणि सोयाबीन

डोंगर उतरून समुद्राकडे आलं की आरिदा लागतं. वाकायामा हा जपानातला आघाडीचा संत्रा प्रांत, आणि आरिदाचा 'मिकान' सगळ्यात नावाजलेला. मिकान म्हणजे सैल सालीचा, बिनबियांचा छोटा संत्रा. वरूड-मोर्शीसारखी सपाट, काळी जमीन तिथं नाही. डोंगराच्या उतारावर दगडी बांध घालून पायऱ्या केल्यात आणि प्रत्येक पायरीवर झाडं. माल उतरवायला छोटी एकेरी रुळावरची गाडी असते. हंगामात काही बगीचेवाले पैसे घेऊन पर्यटकांना आत सोडतात: झाडाखाली हवे तेवढे खा, घरी न्यायचे ते वजनावर घ्या. चांदूर बाजार, अचलपूर, वरूडमध्ये असं काही करता येईल का, हे पाहायला जाणाऱ्यांनी तरी वही-पेन सोबत ठेवावं.

आरिदाला लागूनच युआसा नावाचं जुनं गाव आहे. जपानी सोया सॉसचं हे जन्मगाव समजतात. जुन्या गल्ल्या जपून ठेवल्यात, आणि १८४१ पासून सॉस बनवणारं कादोचो नावाचं दुकान तिथं आहे. मोठ्या लाकडी पिंपांत सोयाबीन महिनोन्महिने मुरत असतं. वऱ्हाडातल्या माणसाला हा वास ओळखीचा वाटायचं कारण नाही, कारण आपण सोयाबीन पेरतो, कापतो, बाजार समितीत नेतो आणि विसरतो. ढेप ढोरांना, तेल बाजाराला. जपानी माणसाच्या ताटात मात्र तेच सोयाबीन टोफू होऊन येतं, मिसो होऊन येतं, सॉस होऊन येतं, नात्तो नावाचा तार सुटणारा नाश्ता होऊन येतं. खुद्द कोयासानचा वाळवलेला टोफू गावाच्या नावानंच विकला जातो. हमीभावासाठी रांगेत उभं राहणाऱ्या जिल्ह्यांनी हे एकदा डोळ्यांनी पाहण्यासारखं आहे.

पऱ्हाटीचा जुना हिशेब

कापसाचं नातं त्याहून जुनं. वऱ्हाडचा कापूस जगाच्या बाजारात 'उमरा' या नावानं ओळखला जायचा. उमरावती म्हणजे आपली अमरावती. नोव्हेंबर १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या मदतीनं निप्पॉन युसेन या जपानी कंपनीनं कोबे ते मुंबई बोट सुरू केली, ती मुख्यतः कापसासाठी. तोयो मेंका, गोशो अशा जपानी कंपन्या हिंदुस्थानात कापूस खरेदी करू लागल्या. १९३३ मध्ये जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार टाकला, तेव्हा इथल्या भावाची झोप उडाली. १९३४ मध्ये करार होऊन प्रकरण मिटलं. ज्या कोबे बंदरात हा माल उतरायचा ते ओसाकापासून अर्ध्या तासावर आहे. तिथं जुन्या भारतीय व्यापाऱ्यांची वस्ती आहे, १९३५ मध्ये उघडलेली जपानातली पहिली मशीद आहे आणि जैन मंदिरही आहे. अचलपूर, बाळापूरकडच्या मुसलमान कुटुंबांना हलाल जेवण शोधायला कोबे बरं.

नागोया शहरात टोयोटा कंपनीचं संग्रहालय आहे. मोटारींचं म्हणून लोक जातात, पण टोयोटाची सुरुवात मागापासून झाली. साकिची तोयोदा यांनी १९२४ मध्ये बनवलेला स्वयंचलित माग तिथं चालवून दाखवतात. त्याआधी कापसापासून हातानं सूत कसं काढायचे तेही दाखवतात. क्योतोहून टोकियोला बुलेट ट्रेननं जाताना नागोया वाटेतच लागतं. अर्धा दिवस पुरे.

क्योतो आणि नाराबद्दल सगळीकडे माहिती मिळते, म्हणून थोडक्यात. नाराच्या मोठ्या बुद्धमूर्तीचे डोळे ७५२ साली उघडले ते बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूनं. क्योतोच्या सान्जुसान्गेन्दो मंदिरात कान्नोनच्या १००१ मूर्तींपुढं जे रक्षक उभे आहेत, त्यांत ब्रह्मा, इंद्र आणि गरुड जपानी नावांनी भेटतात. 'बेन्झाइतेन' हातात वाद्य घेऊन बसलेली दिसली तर ती आपली सरस्वती.

जायचं कधी

जपानात दोन हंगाम गाजलेले. मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला साकुराची फुलं आणि नोव्हेंबरात झाडांची लाल-पिवळी पानं. मिकान ऑक्टोबर ते डिसेंबर. शेतकऱ्याची पंचाईत इथंच आहे. नोव्हेंबरात आपल्याकडे आंबिया बहार उतरतो, कापसाची वेचणी असते, मजूर मिळत नाहीत, अशात घर सोडून जपानचा संत्रा पाहायला कोण जाणार? म्हणून वऱ्हाडाला सोयीचा काळ एप्रिल. हरभरा-गहू घरात आलेला असतो आणि अकोला तापायला लागलेलं असतं. कोयासान उंचावर असल्यानं तिथली साकुरा एप्रिलच्या उत्तरार्धात फुलते, म्हणजे टोकियोची गर्दी ओसरल्यावर गेलं तरी चुकत नाही. मिकान झाडावर नसेल, पण हास्साकूसारखी उशिरा येणारी लिंबूवर्गीय फळं बाजारात मिळतात. थंडीचे कपडे न्यावेत. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा आणि ऑगस्टचा मधला आठवडा टाळावा. तेव्हा सगळा जपान स्वतःच प्रवासाला निघतो आणि भाडी वाढतात. जून-जुलैत पाऊस, ऑगस्ट-सप्टेंबरात वादळं.

खाणं आणि वागणं

शाकाहारी माणसाची खरी अडचण मांस नाही, 'दाशी' आहे. हा माशाचा अर्क. साध्या दिसणाऱ्या सूपमध्ये, नूडल्समध्ये, भाजीतसुद्धा असतो, आणि दुकानदार प्रामाणिकपणे 'मांस नाही' असंच सांगतो. त्यामुळे 'मांस, मासे आणि दाशी चालत नाही' हे जपानी लिपीत लिहून घेऊन कागद खिशात ठेवावा. दशम्या, शेव-चिवडा, कोरडी चटणी नेता येते. हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, फळं मात्र नेऊ नयेत, तपासणीत अडकतात. मांसाचे पदार्थ चालतच नाहीत. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, जास्त प्रमाण असेल तर जपानात त्यावर बंदी आहे. बीपी-शुगरची औषधं महिनाभरापुरती, डॉक्टरच्या चिठ्ठीसह न्यावीत.

रस्त्यावर कचरापेटी शोधून सापडत नाही. कचरा पिशवीत ठेवून मुक्कामी न्यायचा. शाळेत पोरं स्वतः वर्ग झाडतात. गाडगेबाबांच्या जिल्ह्यातून गेलेल्या माणसाला हे पाहून काय वाटायचं ते वाटो, पण खर्रा खाणाऱ्यांनी आधीच विचार करावा. थुंकायला जागा नाही, आणि रस्त्यावर थुंकणं तिथं गुन्हा आहे. गाडीत फोनवर मोठ्यानं बोलत नाहीत. घरात, मंदिरात चपला बाहेर, हे आपल्यासारखंच. संडासाच्या चपला मात्र वेगळ्या असतात, त्या घालून खोलीत यायचं नाही. बक्षिसी कोणाला देऊ नये.

गरम झऱ्यांच्या सार्वजनिक न्हाणीघरात बाया-बाप्यांची सोय वेगवेगळी असते, पण आत कपडे चालत नाहीत. अनेक ठिकाणी अंगावर टॅटू असलेल्यांना मनाई आहे. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांच्या हातावर गोंदण असतं. तिथल्या माणसाला ते टॅटूच वाटणार. लहान असेल तर पट्टी लावून झाकता येतं, नाहीतर आधी विचारून घ्यावं.

पैसा, व्हिसा आणि एजंट

मुंबईहून बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँगला एकदा विमान बदलून थेट कान्साईला उतरता येतं. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ पासून मुंबईची विमानसेवा सुरू झाली आहे, पण परदेशी विमान पकडायचं तर रेल्वेनं एक दिवस आधी मुंबई गाठलेली बरी. जपानात फिरायला सात दिवसांचा रेल्वे पास ५० हजार येनांचा आहे. ओसाका-वाकायामा-क्योतो एवढंच फिरणाऱ्याला तो परवडत नाही, सुटी तिकिटं स्वस्त पडतात. तीन-चार कुटुंबं मिळून आणि इंग्रजी-मोबाइल जमणारं एक पोरगं सोबत घेऊन गेलं, तर पॅकेजशिवाय जमते. पॅकेजच घेतलं तर कंपनी त्यावर टीसीएस वसूल करते. पावती जपून ठेवावी, आयकर रिटर्न भरून ती रक्कम वळती करता येते.

एप्रिल २०२४ पासून भारतीयांना जपानचा ई-व्हिसा मिळतो, पर्यटनासाठी, जास्तीत जास्त ९० दिवसांचा. अर्ज व्हीएफएस केंद्रातून. फी इतर देशांच्या मानानं आजवर कमीच राहिली आहे, त्यामुळे 'जपानचा व्हिसा काढून देतो, तीस हजार द्या' म्हणणाऱ्याला हात जोडावेत. बँक स्टेटमेंट, आयटीआर आणि रोजच्या मुक्कामाचा तपशील लागतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी रिटर्न भरता येतो. तो भरलेला असला की काम सोपं होतं. मिळालेला ई-व्हिसा विमानतळावर मोबाइलवर इंटरनेटसह उघडून दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट चालत नाही.

आणखी एक. 'फिरायच्या व्हिसावर जा, तिकडं कामाला लावून देतो' असं सांगून पोरांकडून पैसे उकळणारे फिरतात. पर्यटक व्हिसावर काम करणं जपानात बेकायदा आहे, पकडलं की हाकलून देतात. कामाला जायचे सरकारी करारातले मार्ग वेगळे आहेत: तांत्रिक प्रशिक्षणार्थी आणि 'विशेष कुशल कामगार'. त्यासाठी आधी जपानी भाषा शिकावी लागते. आणि शेतकऱ्याला फक्त शेती पाहायची असेल, तर कृषी विभागाची परदेश अभ्यास दौऱ्याची अनुदान योजना आहे. तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात चौकशी करावी. तो दौरा असतो, सहल नव्हे.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो पासपोर्ट. अमरावती आणि अकोल्याच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात काम होतं, नागपूरला खेटे घालावे लागत नाहीत, साधी फी १५०० रुपये. अडचण कागदांची असते. आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, सातबाऱ्यावर तिसरंच. जुन्या बायांच्या कागदांवर तर माहेरचं नाव, सासरचं नाव आणि अंदाजानं टाकलेली जन्मतारीख. हे सारखं करून घ्यायलाच महिने जातात. पुढच्या एप्रिलात जायचं असेल, तर या पावसाळ्यात आधी घरातल्या बाईचे कागद काढून पाहावेत.